दूध तपासणाऱ्याच्या घरचं दूध

...आणि हा माणूस, ज्याच्या नजरेखालून अख्ख्या परिसराचं दूध जातं, तो स्वतःच्याच घराबाहेर नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात घासत उभा. आतून त्याची पोर दारावर थापा मारतेय, "बाबा, ये ना! बाबा, ये ना!" आणि हा बाहेरून ओरडतोय, "आलो गं राणी, डावा हात राहिलाय अजून!" काल गोष्ट इथवर आली होती, आणि तुम्ही मध्येच विचारलंत, की बाबा रे, माणसाला हे वेड लागलं कशानं?

वेड नाही हो. भीती. आणि ती उगाच आलेली नाही.

हे आमचे जावई. दूध केंद्रावर तपासनीस. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांग लावतात, आणि जावईबापू टेबलापाशी उभे राहून प्रत्येकाच्या दुधात एक काचेची नळी सोडतात. बुडाशी फुगीर, वर बारीक मान, मानेवर आकडे. पुस्तकात तिला लॅक्टोमीटर म्हणतात, केंद्रावर सगळे नुसतं डिग्री म्हणतात. दूध सकस असलं की ती मान वर काढून डौलात तरंगते, पाणी घातलेलं असलं की बुडत जाते. मी तर लग्न ठरल्यावर ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, आमच्या जावयाकडे स्वतःची डिग्री आहे म्हणून. खोटं काय होतं त्यात? होतीच. केंद्रावरच्या दोन डिग्र्या लोकांनी हाताळून फोडल्या, तेव्हापासून जावईबापू आपली वेगळी बाळगतात. पत्र्याच्या लांब डबीत, खाली कापूस घालून, खांद्यावरच्या पिशवीत.

माणूस तसा मितभाषी. पण दूध दिसलं की हात शिवशिवतात. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले, सगळे बाहेरच्या खोलीत गप्पा मारतोय, आणि हे पाणी पिऊन येतो म्हणून जे आत गेले ते येईनात. मी डोकावलो तर आमच्या पातेल्यात डिग्री सोडून, वाकून, एक डोळा मिटून बघतायत. मला पाहून चपापले. मग हळूच म्हणाले, "मामा, राग मानू नका, पण तुमचा दूधवाला बदला." बदलला मी. काय करता!

तर अशा माणसाला मुलगी झाली. इवलीशी, आणि चालायला लागल्यापासून भिंतीच्या कडेकडेनं सारखी कुठे ना कुठे निघालेली. म्हणून मी तिला मुंगी म्हणतो. खरं नाव तिच्या आईनं शोधून शोधून ठेवलंय, पण ते फक्त दवाखान्यात वापरतात.

मुंगीला अजून वर्ष व्हायचं होतं तेव्हा जावईबापूंनी केंद्रावरचं सगळ्यात चांगलं दूध निवडून आणलं. तपासलं, उकळलं, निववलं आणि स्वतःच्या हातानं एक चमचा तिला पाजला. लेक शेजारी बसून हसत होती. आणि बघता बघता पोरीचा वरचा ओठ सुजला. मग खालचा. अंगभर गांधी उठल्या, पापण्या मिटल्या, आणि छातीतून घूं घूं आवाज यायला लागला. माझी लेक सांगते, चमचा ह्यांच्या हातात तसाच होता, दवाखान्यात पोचल्यावर नर्सनं तो काढून घेतला.

पोर वाचली. डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, "हिला दुधाची अॅलर्जी आहे. गाईचं नाही, म्हशीचं नाही, शेळीचं नाही. एक थेंबही नाही." आणि मग कागदावर लिहून घ्यायला म्हणून विचारलं, "वडील काय करतात?"

जावईबापू स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. लेकीनं सांगितलं.

तेव्हापासून तो नळ. केंद्रावरून आलं की कपडे बाहेरच बदलायचे, चपला बाहेर, हात-तोंड बाहेर, मग दार उघडायचं. ज्या दुधावर घर चालतं, त्याचा वाससुद्धा घरात नको. वर्षाची झाल्यावर मुंगीला सोयाचं दूध लावलं, आणि जरा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

पण सोयाही तिला मानवेना. प्यायली की काही वेळानं पोट धरून रडायची, उलट्या, मग नुसती मलूल. आम्हाला आधी वाटलं, घरातच कुठून तरी दूध लागत असेल. पण ती माझ्याकडे राहायला आली, जावईबापू तेव्हा परगावी, तिच्यासाठी मी घरात दुधाचा टिपूस ठेवला नव्हता, तरी तेच. वजनाचा काटा जागचा हलेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सोया बंद. दुसरं काहीतरी शोधू."

झालं, जावयांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात बसलो होतो सगळे, तर शेजारच्या काकू आल्या. काकू म्हणजे मनानं सोनं, पण तोंडाला झाकण नाही.

"अहो, त्यात काय एवढं? शेळीचं द्या! किती हलकं असतं."

"नाही चालत काकू," लेक म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, तेही तसंच बाधतं."

"मग आता काय देणार?"

"बघतोय. ओटचं असतं, बदामाचं, तांदळाचं, वाटाण्याचंही असतं म्हणे."

"वाटाण्याचं?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "वाटाण्याला कधी आचळं फुटली गं बाई?"

आम्ही हसलो. मुंगीही हसली, आम्ही हसलो म्हणून. एकटे जावईबापू हसले नाहीत. ते पोरीच्या मनगटाकडे बघत होते. किती बारीक झालं होतं ते मनगट.

डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा मीही सोबत होतो. बाई समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "तांदळाचं नको, इतक्या लहान मुलांना ते रोज देणं बरं नाही. नारळाचं आणि बदामाचं पातळ असतं हो, पोट भरतं पण प्रथिनं नावाला. आणि बदाम सोसतो का तेही अजून पाहिलेलं नाही. ओटचं चालेल, पण त्यातही प्रथिनं कमी, ती मग जेवणातून भरून काढावी लागतील. सोयाच्या तोडीचं म्हणाल तर वाटाण्याचं. साखर नसलेलं आणि वरून कॅल्शियम घातलेलं घ्या, आणि दर वेळी डबा हलवून ओता, नाहीतर कॅल्शियम तळाशीच बसतं. फक्त एक आहे."

"काय?" जावईबापू खुर्चीच्या टोकावर आले.

"वाटाणा आणि सोया एकाच कुळातले. म्हणून पहिला घोट घरी नाही. इथं, माझ्यासमोर."

 एकाच कुळातले! म्हणजे भावानं मारलं म्हणून त्याच्या चुलतभावाकडे न्याय मागायला जायचं.

डबा आणायला मी आणि जावईबापू दोघं गेलो. मोठं दुकान होतं, एक अख्खं कपाट या असल्या दुधांचं. मला वाटलं, उचलू आणि जाऊ. पण जावईबापूंनी पहिला डबा उचलला तो मागची बाजू वाचायला. माझ्या शाळेत पाटीवरचं अक्षर बोराएवढं असायचं, आणि हे बघतो तर डब्यावर जणू मुंग्यांची रांग. मी चष्मा पुसला, लांब धरला, जवळ धरला.

"मामा, इथं बघा. काय लिहिलंय?"

"ओटचं दूध लिहिलंय."

"ते पुढे. खाली."

खाली बारीक अक्षरात होतं: याच कारखान्यात दुधाचे पदार्थ तयार होतात, अंश असू शकतात. जावईबापूंनी तो डबा असा झटकन ठेवला, जशी काही इंगळी हाताला लागली. दुसरा घेतला, त्यात साखर. तिसऱ्यात चॉकलेट. चौथ्यात कॅल्शियमच नाही. दुकानदार गल्ल्यावरून बराच वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, "काका, घ्यायचंय काही, की वाचनालय समजून आलात?"

मी म्हटलं, "परीक्षा आहे आमची."

"कसली?"

"पोरीच्या जिवाची," जावईबापू डब्यावरून नजर न काढता म्हणाले.  मग दुकानदार स्वतः उठून आला आणि मागच्या फळीवरून वाटाण्याच्या दुधाचे डबे काढून दिले. जावईबापूंनी त्यातले दोन घेतले. त्याआधी एकूण एक शब्द वाचला, मला वाचायला लावला, आणि मग दुकानदारालाही.

दवाखान्यात नर्सनं डबा हलवला, फोडला, दवाखान्याच्याच कपात ओतलं. आधी ओठाला लावलं. थांबलो. मग चमचाभर. थांबलो. जावईबापू दाराशी उभे, हात पाठीमागे बांधलेले, जणू वर्गाबाहेर काढलेत. मी पोरीचा ओठ बघत होतो, आणि खरं सांगतो, इतका वेळ एकाच ठिकाणी बघत राहिलं की ओठ सुजल्यासारखाच दिसायला लागतो. पण काही झालं नाही. मुंगीनं कप हिसकावून घेतला. बाई म्हणाल्या, "सोसतंय. जा घरी, थोडं थोडं सुरू करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी दिलं. लेक मुंगीला झोपेतून उठवून मांडीवर घेऊन बसलेली, जावईबापू नुकतेच नळावरून सगळं आवरून आत आलेले. तेच म्हणाले, "तू बस, मी ओततो." स्वयंपाकघरात गेले, नवा डबा फोडला, ग्लासात ओतलं आणि घेऊन आले. मुंगी आवडीनं प्यायली. मिशी उमटली पांढरी.

मी दारात चपला काढत होतो, तर लेकीची हाक ऐकू आली. नुसती "बाबा!" अशी. तो आवाज माझ्या लेकीचा नव्हताच. आत गेलो तर पोरीच्या गळ्यावर गांधी, एक डोळा बंद, आणि तोच घूं घूं आवाज. लेकीनं अशाच वेळेसाठी डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शनचं पेन काढलं आणि मांडीत टोचलं.   जावईबापू भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, तोंडानं नुसतं, "मी धुतले होते. मी धुतले होते हात."

काकूंच्या मुलाच्या गाडीतून नेलं. वाटेत मी मुंगीच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. ती वर-खाली होतेय एवढंच मला बघायचं होतं, बाकी रस्ता वगैरे काही आठवत नाही.

पोर पुन्हा वाचली. पण आता घरात जी भीती शिरली ती निराळीच. दूध गेलं, सोया गेला, वाटाणा गेला. बाईंनी तूर्त कशाचंच दूध देऊ नका म्हणून सांगितलं, भात, अंडं, बटाटा, फळं, औषधाचे थेंब, एवढ्यावर चालवा. लेक पोरीचं तोंड दर थोड्या वेळानं उजेडात नेऊन बघायची. मुंगी जरा खोकली की आम्ही तिघं एकदम उठायचो. एकदा ती पाणी पिताना ठसकली, तर जावईबापूंनी पेन काढून झाकण उघडलंसुद्धा. लेकीनं हात धरला म्हणून, नाहीतर नुसत्या ठसक्यावर टोचलं असतं.

त्यांचं जेवण तुटलं. एकदा नळापाशी मला म्हणाले, "मामा, सोडतो ही नोकरी."

"का?"

"माझ्या अंगालाच दूध चिकटलंय. कितीही घासलं तरी. नाहीतर दवाखान्यात सोसलं ते घरी का बाधलं? दवाखान्यात मी दाराशी होतो. घरी मी जवळ होतो."

 मलाही तोच किडा पोखरत होता. दवाखान्यात सोसलं ते घरी का नाही?

डॉक्टरबाईंनाही तोच प्रश्न पडला होता. पोर पुरती सावरल्यावर त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, "घरी काय काय केलंत ते मला सांगू नका. करून दाखवा. तसाच डबा आणा, घरचाच ग्लास आणा. पोरीला काही पाजायचं नाही, फक्त मला बघायचंय." मुंगी बाहेर नर्सजवळ खेळत होती.

बाईंच्या टेबलावर कागद पसरला. लेक खुर्चीत बसली, मांडीवर पिशवी घेतली, पोर म्हणून. जावईबापूंनी बेसिनमध्ये हात धुतले, कोपरापर्यंत. बाई बघत होत्या. डबा हलवला, फोडला, ग्लासात ओतलं. सगळं बरोबर. बाईंच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"मग?" बाई म्हणाल्या. "मग दिलंत?"

"हो, मग दिलं," जावईबापू म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा हात खांद्यावरच्या पिशवीत गेला. पत्र्याची डबी निघाली. झाकण उघडलं. काचेची नळी बाहेर आली, दोन बोटांत धरलेली, आणि ग्लासाच्या तोंडाशी पोचली.

"थांबा!" बाईंनी त्यांचं मनगट पकडलं. "हे काय?"

"हे? डिग्री आहे," जावईबापू म्हणाले. त्यांना अजूनही कळलं नव्हतं. "दूध तपासायची. धुतलेली आहे. तिकडे केंद्रावर धुऊनच ठेवतो मी."

"वाटाण्याच्या दुधाचं यानं काय कळतं तुम्हाला?"

"कळत काही नाही. पण डब्यातलं आहे, कुणी भरलं, कसं भरलं... पोरीला बिनतपासलेलं कसं..."

आणि ते थांबले. बाईंनी डबी उचलून खिडकीपाशी नेली, आतला कापूस चिमट्यानं बाहेर काढला. पिवळा पडलेला, कडक झालेला. सगळ्या किटल्यांचं दूध त्यात मुरलेलं. नळी धुतलेली होती हो, पण धुऊन ती रोज त्याच कापसात जाऊन बसत होती. घरी आलं की कपडे बाहेर, चपला बाहेर, हात बाहेर, आणि पिशवी तेवढी रोज खुंटीवर आत. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण ती पिशवी म्हणजे जावयांचा तिसरा हातच. हात कुणी खुंटीवर बघतं का?

 मी जावयांकडे बघितलं. वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना, चला, कारण सापडलं. उलट चेहरा पार पांढरा पडला. इतके दिवस भीती डब्यात होती, दुकानात होती, कारखान्यात होती. आता ती त्यांच्याच बोटांत येऊन बसली. ते हळूच खाली बसले, थेट जमिनीवर, आणि म्हणाले, "दोन्ही वेळा मीच."

बाईंनी पाण्याचा ग्लास दिला. म्हणाल्या, "पहिल्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. आणि या वेळचं आता माहीत झालंय. पण वाटाण्यावरचा आळ नुसत्या अंदाजानं काढायचा नाही. पुन्हा पाजून बघू, इथंच, सगळी तयारी ठेवून."

तो दिवस ठरला तेव्हा जावईबापू येतच नव्हते. "मी नसलेला बरा," म्हणाले. लेकीनं त्यांना दंडाला धरून आणलं. "तुम्ही नसलात तर ती प्यायची नाही. आणि मीही बसायची नाही," एवढंच म्हणाली. मग ते काचेच्या दारापलीकडे उभे राहिले. पिशवी नाही, घड्याळ नाही, नखं मुळापर्यंत कापलेली.

नर्सनं थेंब दिला. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलेलं मला दिसत होतं, आणि मी ते दिसू नये म्हणून मान वळवत होतो तर मान परत तिकडेच. मग चमचा दिला. मुंगीनं नाक खाजवलं. आम्ही सगळे गोठलो. नर्सनं वाकून नाक बघितलं, टॉर्च मारला. शेंबूड होता. मग अर्धा कप. मुंगीला एकदम हुंदका आल्यासारखं झालं, लेकीनं माझा हात असा दाबला की बोटं काळीनिळी. ती ढेकर होती.

मग वाट बघणं. नुसतं बसून. बाई येत होत्या, पोट बघत होत्या, छाती ऐकत होत्या, जात होत्या. दारापलीकडे जावयांच्या श्वासानं काचेवर धुकं धरायचं आणि विरायचं, धरायचं आणि विरायचं. शेवटी मुंगी कंटाळली, कप उलटा करून डोक्यावर घातला आणि म्हणाली, "संपलं. अजून."

ते शब्द काचेपलीकडे ऐकू गेले नसावेत. पण लेक रडायला लागली ते दिसलं, आणि त्या माणसाचा असा समज झाला की... तो दार ढकलून आत धावला, आणि दोन पावलांवर येऊन पोरीला हात लावू की नको अशा अवस्थेत तसाच थांबला. मुंगीच उठली आणि त्याच्या मांडीला जाऊन बिलगली.

त्याला आता बरेच दिवस झाले. मुंगी वाटाण्याचं दूध पिते, गालांवर मांस आलंय, वजनाचा काटा हलला. डिग्री आता केंद्रावरच्या भिंतीवर, खिळ्याला. पिशवी जाळली. नोकरी आहे. नळ तर आहेच. आणि परवा मी गेलो तेव्हा एक नवीनच पाहिलं. जावईबापू हात धुऊन उंबऱ्याबाहेर उभे, दोन्ही पंजे पुढे. आत मुंगी. तिनं एकेक बोट धरून नाकाशी नेलं, वास घेतला, नखं बघितली, तळवे उलटे करून बघितले, आणि गंभीरपणानं म्हणाली, "पास. ये." अख्ख्या परिसराला पास-नापास करणारा माणूस मान खाली घालून आत आला.

मला इतकं हसू आलं! म्हटलं, चला, आता घर हसतं झालं. जेवताना सहज विचारलं, "काय जावईबापू, गेली ना आता भीती?"

त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. मुंगी पलीकडे पांढरी मिशी लावून बसली होती, तिच्या ओठाकडे बघून घेतलं. मग म्हणाले:

"नाही मामा, गेली नाही. आणि तुम्हीही ती जावी असं म्हणू नका. ज्या दिवशी ती जाईल ना, त्या दिवशी मी हात न धुता आत येईन."